गुणसूत्रांचे हरवलेले इलाखे

घोड्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका जंताने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या जीवशास्त्रज्ञांना वेड लावले होते. अस्कॅरिस मेगॅलोसेफाला हे त्याचे तेव्हाचे नाव. जंत दिसायला ओंगळ, पण त्याची अंडी संशोधकाच्या सोयीची. वाढ सावकाश होते, थंडीत ठेवली तर थांबते, आणि मुख्य म्हणजे पेशीतली गुणसूत्रे मोजकी असतात. एका प्रकारात चार, दुसऱ्यात तर फक्त दोन. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात, पण हा आकडा नक्की व्हायला १९५६ साल उजाडावे लागले. त्याआधी कित्येक वर्षे पाठ्यपुस्तके ४८ सांगत होती. अशा काळात ज्याला एकेका गुणसूत्राचा माग काढायचा होता, त्याने जंतच धरला.

माग काढायची गरज का पडली? कील विद्यापीठातल्या वाल्टर फ्लेमिंगने सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशींना ॲनिलीन रंग देऊन पेशीविभाजनाचे टप्पे आपल्या १८८२च्या ग्रंथात चितारले. केंद्रकातल्या रंग घट्ट शोषणाऱ्या द्रव्याला त्याने क्रोमॅटिन म्हटले. विभाजनाच्या वेळी हे द्रव्य जाड दोऱ्यांच्या, म्हणजेच गुणसूत्रांच्या, रूपात दिसते, दोरे उभे चिरले जातात, निम्मे एका पेशीत आणि निम्मे दुसरीत जातात. इथवर सगळे डोळ्यांनी दिसत होते. पण विभाजन आटोपले की दोरे दिसेनासे होत आणि केंद्रकात नुसती धूसर जाळी उरे. पेशीच्या आयुष्याचा बहुतेक काळ या जाळीच्याच अवस्थेत जातो. मग पुढच्या विभाजनाला जे दोरे पुन्हा उगवतात ते तेच जुने, की जाळीतून नव्याने वळलेले? आनुवंशिकतेचा सगळा हिशेब या उत्तरावर अवलंबून होता. दोरे दरवेळी मोडून नवे होत असतील, तर आईबापांकडून आलेले काहीही पिढ्यानपिढ्या टिकून राहते असे म्हणायला आधार उरत नव्हता.

१८८५ साली कार्ल राब्ल या ऑस्ट्रियन शरीररचनाशास्त्रज्ञाने उत्तर सुचवले. त्यानेही सॅलॅमँडरच घेतला होता. विभाजन संपताना दोऱ्यांची वाकणे केंद्रकाच्या एका बाजूला आणि टोके दुसऱ्या बाजूला असतात. पुढचे विभाजन सुरू होताना दोरे पुन्हा दिसू लागतात, तेव्हाही वाकणे त्याच बाजूला आणि टोके समोरच्या. मधल्या काळात सगळे एकमेकांत मिसळून गेले असते, तर ही मांडणी जशीच्या तशी परत कशी आली असती? राब्लचा निष्कर्ष असा, की प्रत्येक गुणसूत्र आपल्या जागेवरच पसरते, तिथेच बारीक शाखा फुटल्यासारखे विरळ होते आणि वेळ आली की तिथेच आक्रसते. हे त्याने पाहिले नव्हते. आधीचे आणि नंतरचे पाहून मधल्याचा अंदाज बांधला होता.

अंदाजाला पुरावा जोडला तो थिओडोर बोव्हेरीने. जन्म १८६२, गाव बांबेर्ग. म्युनिकला गेला तो इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकायला. मग शरीररचनाशास्त्राकडे वळला आणि तिथून पेशीकडे. त्याचा भाऊ वाल्टर इंजिनिअर झाला आणि त्याने स्वित्झर्लंडमध्ये ब्राउन बोव्हेरी ही कंपनी काढली. आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींत जिचे विजेचे साहित्य जागोजागी दिसते त्या एबीबीमधला शेवटचा ‘बी’ याच घराण्याचा. थिओडोर मात्र १८९३ साली व्युर्त्सबुर्गला प्राध्यापक झाला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. बर्लिनला नव्याने उभ्या राहणाऱ्या कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेचे संचालकपद त्याच्याकडे चालून आले होते. प्रकृतीच्या कारणाने त्याने ते नाकारले.

जंताच्या अंड्यात बोव्हेरीला एक सोय सापडली. त्या लांबलचक गुणसूत्रांची टोके केंद्रकाच्या कडेला दाबली जातात आणि तिथे लहान फुगवटे तयार होतात. विभाजन संपून दोरे अदृश्य झाले तरी फुगवटे राहतात. म्हणजे गुणसूत्र दिसले नाही तरी त्याचे टोक कुठे आहे ते कळते. बोव्हेरीने अशा शेकड्याने पेशी रेखाटल्या, आणि १९०९च्या दीर्घ निबंधात तीन गोष्टी नोंदवल्या. दोन विभाजनांच्या मधल्या काळात गुणसूत्रांच्या जागा हलत नाहीत. एकाच आईपेशीपासून झालेल्या दोन बहिणींत मांडणी आरशात पाहावी इतकी सारखी असते. पण दोन वेगळ्या आयांच्या लेकींत ती वेगळी असते, कारण विभाजनाच्या सुरुवातीच्या धावपळीत गुणसूत्रांच्या जागा बदलतात. प्रत्येक गुणसूत्राच्या या ठरावीक मुलुखाला त्याने टेरिटरी म्हटले. आज हाच शब्द इंग्रजीतून जगभर चालतो. मराठीत इलाखा म्हणायला हरकत नसावी.

बोव्हेरीचा दुसरा मोठा प्रयोग नेपल्सच्या समुद्रकाठच्या प्राणिशास्त्र केंद्रातला. सी अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या एका अंड्यात एकाच वेळी दोन शुक्राणू शिरले, की पेशी दोनाऐवजी चार वाटण्या करू पाहते आणि गुणसूत्रे वाट्टेल तशी विभागली जातात. अशा गर्भांपैकी बहुतेक वेडेवाकडे वाढून मरत. १९०२ साली त्याने त्यातून काढलेले अनुमान असे: गुणसूत्रे एकसारखी नसतात, प्रत्येकाचे काम वेगळे असते, आणि निरोगी वाढीसाठी सगळ्यांचा योग्य संच लागतो. याच धाग्याने पुढे जात १९१४ साली त्याने कर्करोगाच्या गाठींवर एक छोटे पुस्तक लिहिले. गाठ एका बिघडलेल्या पेशीपासून सुरू होते आणि बिघाड तिच्या केंद्रकातल्या गुणसूत्रांच्या संचात असतो, हे त्यातले म्हणणे. लेखक स्वतः डॉक्टर नव्हता, त्याने रुग्णांच्या गाठींवर प्रयोग केलेले नव्हते, आणि पुस्तक महायुद्धाच्या तोंडावर निघाले. वैद्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. पुढच्या वर्षी, वयाच्या ५३व्या वर्षी, बोव्हेरी गेला. त्याची अमेरिकन पत्नी मार्सेला ओग्रेडी स्वतः प्राणिशास्त्रज्ञ होती; मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून जीवशास्त्राची पदवी घेणारी पहिली स्त्री. १९२९मध्ये तिने त्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर छापले, म्हणून ते जर्मनीबाहेर पोचले तरी.

डॉक्टरांना केंद्रकाशी देणेघेणे नव्हते असे मात्र नाही. लंडनमध्ये लायनेल बील याने १८६०मध्येच घशाच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या थुंकीत आकाराने वाकड्यातिकड्या केंद्रकांच्या पेशी पाहून नोंदवल्या होत्या. तेव्हापासून आजतागायत पॅथॉलॉजिस्ट काचपट्टीवर पहिल्यांदा केंद्रक बघतो: केवढे आहे, कड गुळगुळीत आहे की खाचाखोचांची, रंग कुठे दाटला आहे. गर्भाशयमुखाच्या पेशींची पॅप तपासणी याच नजरेवर उभी आहे. केंद्रक विस्कटलेले दिसले की पेशी बिघडली, हे शंभर वर्षे सगळ्यांना ठाऊक होते. ते विस्कटते म्हणजे आतली कोणती घडी मोडते, ते सांगता येत नव्हते.

आणि घडीची कल्पना तर मधल्या काळात चक्क टाकून देण्यात आली. याला कारण झाले ते उत्तम दर्जाचे एक उपकरण. १९५०नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक पेशींवर वापरला जाऊ लागला. त्याच्याखाली ठेवायचा काप मायक्रोमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ असावा लागतो. अशा कापात इलाख्यांच्या हद्दी कुठेच दिसेनात. दिसे ती सगळीकडे सारखी पसरलेली बारीक तंतूंची गर्दी. मग मत असे बनत गेले, की विभाजन संपल्यावर गुणसूत्रे उलगडतात आणि त्यांचे तंतू पातेल्यातल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंततात. एका मानवी पेशीतला डीएनए टोकाला टोक जोडून मांडला तर सुमारे दोन मीटर भरतो. केंद्रकाचा व्यास असतो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा किंवा त्याहून कमी. एवढ्या जागेत एवढा ऐवज म्हणजे गुंता होणारच, हे ऐकायलाही पटण्यासारखे होते. राब्ल आणि बोव्हेरी यांची नावे हळूहळू इतिहासाच्या प्रकरणात गेली. पातळ कापात एका गुणसूत्राचा कुठलातरी लहानसा छेद येतो, आणि कुठला तंतू कोणाचा हे सांगायला त्यावर खूण नसते; तेव्हा हद्द दिसली नाही म्हणून हद्द नाही असे म्हणणे घाईचे होते. पण त्या काळी या यंत्राचा शब्द मोडायची हिंमत फार थोड्यांना होती.

खरे तर इशारे मिळत होते. एमिल हाइट्झने १९२८मध्ये शेवाळवर्गातल्या वनस्पतींत दाखवून दिले होते, की गुणसूत्रांचे काही भाग विभाजन संपले तरी उलगडतच नाहीत, गच्चच राहतात. त्यांना त्याने हेटरोक्रोमॅटिन म्हटले. पुढे कॅनडातल्या लंडन या गावी, वेस्टर्न ऑंटारिओ विद्यापीठात, मरे बार आणि त्याचा विद्यार्थी इवर्ट बर्ट्राम मांजरांच्या मज्जापेशी तपासत होते. थकव्याने मज्जापेशीत काय बदल होतो हा त्यांचा विषय. काही मांजरांच्या केंद्रकात एक ठळक ठिपका सारखा दिसे, काहींच्यात अजिबात नसे. नोंदवही उलटून पाहिली तेव्हा कळले, ठिपका फक्त मादीत आहे. १९४९मध्ये हे छापून आले. दहा वर्षांनी सुसुमु ओहनोने दाखवले, की तो ठिपका म्हणजे आवळून बसलेले एक अख्खे एक्स गुणसूत्र. आणि १९६१मध्ये मेरी लायनने सांगितले, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स असे मिटून बंद केले जाते. कुठले मिटेल हे पेशीगणिक वेगळे. तांबड्या-काळ्या ठिगळांच्या मांजरी जवळपास नेहमी मादीच का असतात, याचे उत्तर यातच आहे. म्हणजे विभाजन चालू नसताना केंद्रकात एक पूर्ण गुणसूत्र आपल्या जागी बसलेले सगळ्या जगाने पाहिले होते. पण त्याला अपवाद मानले गेले. उरलेल्या ४५ जणांविषयी कोणी विचारले नाही.

विचारले ते फ्रायबुर्गच्या दोन भावांनी. थोमास क्रेमर हा डॉक्टर, मानवी आनुवंशिकीकडे वळलेला. क्रिस्टोफ क्रेमर हा भौतिकशास्त्रज्ञ. १९७०च्या दशकात दोघे फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या मानवी आनुवंशिकी संस्थेत होते. थोमासला जुने ग्रंथ वाचायची हौस होती, इतकी की पुढे त्याने पेशीसिद्धान्तापासून गुणसूत्रसिद्धान्तापर्यंतच्या वाटचालीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. जुनी कल्पना नव्याने कसाला लावायला असाच माणूस हवा. आणि तो कस लावायची युक्ती दिसण्यावर अवलंबून नव्हती, हे मला या सगळ्या कथेत सर्वांत आवडणारे. गुणसूत्र दिसत नसेल तर न दिसो. दिसत नसताना त्याला जखम करायची आणि पुढे ते दिसू लागल्यावर जखम कोणाला झाली ते मोजायचे.

भावांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिनील लेझरचा झोत सूक्ष्मदर्शकातून एवढा बारीक केला, की जिवंत पेशीच्या केंद्रकाचा एक छोटा ठिपका तेवढा भाजावा. तरंगलांबी २५७ नॅनोमीटर. डीएनए नेमका याच पट्ट्यातला प्रकाश शोषतो. पेशी चिनी हॅमस्टरच्या, कारण तिच्यात गुणसूत्रे २२च आणि बरीचशी एकमेकांपासून ओळखू येण्याजोगी. तर्क सरळ होता. केंद्रकात शेवयांचा गुंता असेल, तर त्या एका ठिपक्यातून जवळजवळ सगळ्याच गुणसूत्रांचा एखादा तुकडा जात असेल. विभाजनाच्या वेळी जखमा सगळ्यांवर थोड्याथोड्या विखुरलेल्या आढळतील. इलाखे असतील, तर जखमा दोनचार गुणसूत्रांवरच सापडतील आणि बाकीची कोरी राहतील.

पहिली फेरी फसवी निघाली. जखमा ठळक करण्यासाठी पेशींना कॅफिन दिले, कारण ते डीएनएच्या दुरुस्तीत अडथळा आणते. तर काही पेशींत झोत न लागलेल्या गुणसूत्रांचाही चुराडा झालेला आढळला. वरवर पाहता हे शेवयांच्या बाजूचे मत होते. पण कॅफिनचा हा परिणाम वेगळ्याच वाटेने होत होता आणि त्यावरून जखमेची जागा ठरवता येत नव्हती. मग त्यांनी जखमेऐवजी मलमपट्टीचा माग काढला. पेशी डीएनए दुरुस्त करते तेव्हा नवा थायमिडीन वापरते. तो किरणोत्सारी दिला, तर दुरुस्ती जिथे झाली तिथे छायाचित्राच्या लेपावर चांदीचे कण उमटतात. विभाजनात आलेल्या पेशी तपासल्या तेव्हा कण मोजक्या गुणसूत्रांवर दाटलेले होते. बाकीची स्वच्छ. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९८२च्या निबंधात हे सगळे आले. राब्लचा अंदाज जवळजवळ शंभर वर्षांनी खरा ठरला होता. १९७७मध्ये स्टीफन स्टॅक आणि सहकाऱ्यांनी कांद्याच्या मुळांतही वेगळे वेगळे इलाखे दिसत असल्याचे छापले होते. पण एकीकडे कांदा आणि दुसरीकडे हॅमस्टर, एवढ्यावर पाठ्यपुस्तके बदलत नाहीत.

ती बदलली रंगामुळे. १९६९मध्ये मेरी-लू पार्ड्यू आणि जोसेफ गॉल यांनी येल विद्यापीठात दाखवले होते, की डीएनएचा खुणेचा तुकडा पेशीत सोडला तर तो आपला जोडीदार अचूक शोधून त्याला चिकटतो. १९८५मध्ये क्रेमर यांच्या गटाने हाच मार्ग घेऊन मानवी गुणसूत्रे बाळगणाऱ्या हॅमस्टर-पेशींत मानवी गुणसूत्र तेवढे रंगवले. केंद्रकात रंग पसरला नाही. एका गठ्ठ्यात राहिला. त्याच वर्षी येलच्या लॉरा मॅन्युएलिडिसनेही स्वतंत्रपणे तेच दाखवले. १९८८पर्यंत कुठलेही एक मानवी गुणसूत्र आख्खे रंगवता येऊ लागले आणि मग वादच उरला नाही. ज्याला शंका असेल त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावा. २००५मध्ये एका त्वचापेशीतली सगळी ४६ गुणसूत्रे एकाच वेळी वेगवेगळ्या रंगांत टिपली गेली. हद्दी मात्र कुंपणासारख्या पक्क्या नाहीत, शेजारच्यांचे तंतू काठाकाठाला एकमेकांत शिरतात, हेही नंतर दिसले.

आता प्रश्न पुढे सरकला. प्रत्येकाची जागा आहे, पण ती जागा कोण ठरवतो? १९९९मध्ये एडिनबराच्या वेंडी बिकमोर आणि सहकाऱ्यांनी १८ आणि १९ क्रमांकांची गुणसूत्रे निवडली. आकाराने जवळपास सारखी, पण १८ जनुकांनी गरीब आणि १९ अत्यंत श्रीमंत. रक्ताच्या पांढऱ्या पेशींत १८ केंद्रकाच्या कडेला आढळले आणि १९ मध्याकडे. मग बाकीचीही तपासली गेली आणि साधारण तोच कल दिसला: जनुकांनी गजबजलेली आत, ओसाड भाग काठाला, आवरणाला लागून. याच निसर्गनियमाचा एक विलक्षण अपवाद २००९मध्ये इरिना सोलोवेई आणि म्युनिकच्या मंडळींनी शोधला. उंदीर-मांजरांसारख्या निशाचरांच्या डोळ्यातल्या दंडपेशींत सगळी मांडणी उलटी असते. गच्च डीएनए मधोमध आणि कामाचा कडेला. त्यामुळे केंद्रक प्रकाश विखुरण्याऐवजी एकत्र आणते आणि अंधारातले तुटपुंजे किरण खाली पोचतात. केंद्रकाची आतली रचना पेशी कामापुरती बदलू शकते, याला यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतून हाय-सी ही पद्धत आली. तिच्यात सूक्ष्मदर्शक नाहीच. केंद्रकात जे डीएनएचे तुकडे शेजारी असतील त्यांना रसायनाने जखडायचे, कापायचे, जोडायचे आणि मग वाचायचे. तिथेही एकाच गुणसूत्राचे तुकडे एकमेकांना जास्त भेटतात, परक्यांना कमी, हेच निघाले.

शेजार महत्त्वाचा असेल तर आजारातही तो दिसायला हवा. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि नंतरच्या वर्षांत बेलारूस, युक्रेनमधल्या मुलांत थायरॉइडचा कर्करोग फोफावला. किरणोत्सारी आयोडीन थायरॉइडमध्ये साठते, हे कारण उघड होते. पण त्या गाठींत पुन्हापुन्हा एकच बिघाड सापडे: रेट नावाचे जनुक आपल्या जागेवरून तुटून दुसऱ्या जनुकाला जोडलेले. या जोडीदारांपैकी एक, एच४, रेटच्याच दहाव्या गुणसूत्रावर आहे, पण दोघांत डीएनएच्या सुमारे तीन कोटी अक्षरांचे अंतर. इतक्या दूरची टोके तुटून नेमकी एकमेकांनाच कशी चिकटतात? २०००मध्ये मरिना निकिफोरोवा आणि सिनसिनाटीतल्या सहकाऱ्यांनी निरोगी पेशी तपासल्या. थायरॉइडच्या ३५ टक्के पेशींत ही दोन जनुके केंद्रकात एकमेकांना खेटून होती. स्तनाच्या पेशींत हे प्रमाण ६ टक्के निघाले. किरणाने दोन्ही एकाच वेळी तुटतात आणि दुरुस्ती करणारी यंत्रणा चुकीची टोके जुळवते. कुठल्या अवयवात कुठले दोन भाग शेजारी आहेत यावरून कुठला कर्करोग होईल हे काही अंशी ठरते, ही कल्पना यानंतर अनेक रक्तकर्करोगांतही तपासली गेली.

मुंबईचा यात थेट सहभाग आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इशिता मेहता, बी. जे. राव आणि सहकाऱ्यांनी त्वचेच्या पेशींना सिसप्लॅटिन दिले. हे कर्करोगावरचे रोजच्या वापरातले औषध डीएनएला इजा करूनच काम करते. इजा झाल्यावर काही गुणसूत्रांनी जागाच बदलल्या. १७ आणि १९ ही जनुकसंपन्न जोडी मध्यातून कडेला गेली, १२ आणि १५ कडेकडून आत आली. औषध काढून घेतल्यावर मांडणी बरीचशी पूर्ववत झाली. २०१३मध्ये हे प्रसिद्ध झाले. बोव्हेरीच्या मते दोन विभाजनांच्या मधे इलाखे हलत नव्हते. इजा झालेल्या पेशीत ते हलतात. पुण्यात आयसरमध्ये कुंदन सेनगुप्ता यांच्या प्रयोगशाळेत आवरणाला अस्तर देणाऱ्या लॅमिन प्रथिनांचा आणि गुणसूत्रांच्या जागांचा संबंध तपासला गेला आहे.

लॅमिनचे नाव आले की प्रोजेरिया आलाच. मराठी वाचकाला हा आजार बहुधा ‘पा’ चित्रपटामुळे माहीत असतो. लंडनचे सर्जन जोनाथन हचिन्सन यांनी १८८६मध्ये अशा पहिल्या मुलाचे वर्णन केले: केस नाहीत, कातडी सुरकुतलेली, चेहरा म्हाताऱ्याचा. हेस्टिंग्ज गिलफर्ड यांनी पुढे त्याला प्रोजेरिया नाव दिले. जगात अत्यंत दुर्मीळ; उपचाराविना मुले सरासरी चौदा-पंधरा वर्षे जगतात आणि बहुतेकांचा शेवट हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने होतो. शतकभर कारण सापडले नाही. मॅसेच्युसेट्समधल्या लेस्ली गॉर्डन आणि स्कॉट बर्न्स या डॉक्टर दांपत्याचा मुलगा सॅम याला हा आजार असल्याचे कळल्यावर १९९९मध्ये प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन उभे राहिले. चार वर्षांत, २००३मध्ये, जनुक सापडले. फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटाला अमेरिकेत आणि निकोला लेव्ही यांच्या गटाला फ्रान्समध्ये, जवळजवळ एकाच वेळी. ते लॅमिन-ए बनवणारे जनुक निघाले.

सगळे चक्रावले, कारण हे जनुक आधीच दुसऱ्या गुन्ह्यात सापडलेले होते. १९९९मध्ये पॅरिसच्या जिझेल बॉन आणि सहकाऱ्यांनी याच जनुकातला बिघाड एमरी-ड्रायफस या स्नायूंच्या आजाराशी जोडला होता. त्यानंतर हृदयाचा एक विकार, अंगावरची चरबी नाहीशी होण्याचा एक आजार आणि मज्जातंतूंचाही एक, असे एकाच प्रथिनाच्या खाती जमा होत गेले. प्रोजेरियातला बदल तर इतका क्षुल्लक, की दुसऱ्या कुठल्या तपासणीत तो निरुपद्रवी म्हणून सोडून दिला असता. जनुकातल्या १८२४व्या स्थानी सी ऐवजी टी. त्याने प्रथिनातले अमिनो आम्ल बदलतसुद्धा नाही. पण पेशीच्या कापणी-जोडणी यंत्रणेला तिथे चुकीची कापण्याची जागा दिसते आणि ५० अमिनो आम्ले गळतात. त्यातच ती जागा होती जिथे लॅमिनची चिकट, मेदासारखी शेपटी छाटली जायची. शेपटी राहते, प्रथिन आवरणालाच चिकटून बसते. २००४मध्ये रॉबर्ट गोल्डमन यांच्या प्रयोगशाळेने या मुलांच्या पेशींची छायाचित्रे छापली. केंद्रकांची कड वेडीवाकडी, अस्तर जाड झालेले आणि काठाला असायचा तो गच्च हेटरोक्रोमॅटिन विरून गेलेला. १८६०पासून कर्करोगात पाहिलेले वाकडे केंद्रक इथे वेगळ्या आजारात पुन्हा दिसत होते आणि या वेळी त्यामागचे प्रथिन हातात होते. दोन वर्षांनी पाओला स्काफिडी आणि टॉम मिस्टेली यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: हे सदोष प्रथिन निरोगी माणसांच्या पेशींतही अगदी थोड्या प्रमाणात तयार होते.

शेपटी चिकटवणारे एन्झाइम अडवणारी औषधे कर्करोगासाठी आधीच बनवलेली होती. त्यांतले लोनाफार्निब मुलांना देऊन पाहिले गेले. सॅम बर्न्सही त्या चाचण्यांत होता. जानेवारी २०१४मध्ये, १७ वर्षांचा असताना, तो गेला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २० नोव्हेंबर २०२० रोजी लोनाफार्निबला मान्यता दिली. प्रोजेरियावरचे हे पहिले मान्य औषध. ते आजार बरा करत नाही, आयुष्य काही वर्षांनी वाढवते. २०२१च्या जानेवारीत कॉलिन्स आणि डेव्हिड लिऊ यांच्या गटांनी तोच बदल असलेल्या उंदरांत १८२४व्या स्थानचे ते एक अक्षर थेट दुरुस्त केले. एरवी सुमारे २१५ दिवस जगणारे उंदीर ५१० दिवसांपर्यंत जगले.